निबंधलेखन : आराखडा, खर्डा आणि पुनर्लेखन

माध्यमिक शाळेत मराठी शिकविणाऱ्या शिक्षकास एक अनुभव वारंवार येतो. ‘माझा गाव’ या विषयावरील चाळीस वह्या तपासावयास घ्याव्यात, तर त्यांपैकी बहुतेक वह्यांतून एकच नदी झुळझुळ वाहत असते, एकाच देवळाचा कळस उन्हात चमकत असतो आणि एकच पाखरांचा थवा किलबिलाट करीत घरट्याकडे परतत असतो. वस्तुतः त्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची गावे खाडीकाठची असतात. तेथील पाणी झुळझुळ वाहत नाही. ते दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर खेकडे धावतात, आणि भरतीला तेच पाणी शेताच्या बांधाला येऊन भिडते. हे सर्व विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिलेले असते. मात्र निबंधात लिहिण्याजोगे ते आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यात दोष केवळ विद्यार्थ्याचा नाही. त्याच्या हाती मार्गदर्शक पुस्तकातील तयार निबंध पडतो. निबंध तयार कसा होतो, हे त्याला कधी पाहावयास मिळत नाही. सुताराचे काम शिकणाऱ्याला तयार खुर्ची दाखवून ‘अशी कर’ म्हटले, तर तो जे करील तेच विद्यार्थी करतो : आहे ती उचलून आणतो. म्हणून प्रस्तुत लेखात एकच विषय घेऊन त्याचा निबंध आराखड्यापासून पक्क्या प्रतीपर्यंत कसा घडतो, ते टप्प्याटप्प्याने पाहावयाचे आहे. विद्यार्थ्यांनी तो स्वतः वाचावा आणि शिक्षकांनी वर्गात करून पाहावा, असा त्यामागील हेतू आहे.

१. निबंध म्हणजे काय?

‘निबंध’ या संस्कृत शब्दात ‘बांधणे’ हा धातू आहे. धर्मशास्त्रावरील ‘निर्णयसिंधू’सारख्या ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणतात, कारण त्यांत विखुरलेली वचने एकत्र आणून व्यवस्थेने बांधलेली असतात. उलट, युरोपात या लेखनप्रकाराला जे नाव मिळाले त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ किंवा ‘पारख’ असा आहे. माँतेन्य या फ्रेंच लेखकाने १५८० साली आपले लेखन त्या नावाने प्रसिद्ध केले. स्वतःची मते तपासून पाहण्याचा तो एक प्रयत्न होता. मराठीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हापासून विचार मांडण्याचे एक समर्थ साधन म्हणून या प्रकाराला आपल्याकडे प्रतिष्ठा लाभली.

या दोन्ही अर्थांचा विद्यार्थ्याला उपयोग आहे. निबंधात पारख हवी आणि बांधणीही हवी. नुसती पारख असेल तर लेखन विस्कळीत होते. नुसती बांधणी असेल तर रिकामे खोके तयार होते. पारख प्रामुख्याने आराखड्यापूर्वी करावयाची असते, आणि बांधणी आराखड्यापासून पुढे.

२. विषय वाचणे

विषय मिळताच लिहावयास बसणे ही पहिली चूक होय. विषय आधी दोनदा वाचावा आणि त्यातील कोणत्या शब्दावर भार आहे ते ठरवावे. पुढील चार शीर्षके पाहा :

(अ) आमच्या गावचा बांध
(आ) खाजन शेतीचे महत्त्व
(इ) मी बांध बोलतो आहे
(ई) बांध नसता तर...

चारही विषयांची सामग्री जवळजवळ सारखीच आहे, परंतु निबंध मात्र चार निराळे होतील. पहिल्यात ‘आमच्या’ या शब्दावर भार आहे. तेथे प्रत्यक्ष पाहिलेला, नाव-गाव असलेला बांध आला पाहिजे. दुसरा विषय वैचारिक आहे. तेथे ‘महत्त्व’ सिद्ध करावे लागेल, म्हणजे कारणे द्यावी लागतील. तिसरे आत्मकथन आहे; तेथे बांधाला जे ठाऊक असू शकेल तेवढेच त्याने बोलावे. बांधाला खेकड्याचे भोक जाणवेल, पण शासनाचा अध्यादेश पाठ असणार नाही. चौथा कल्पनाप्रधान विषय आहे; परंतु तेथील कल्पनासुद्धा खऱ्या कार्यकारणभावावर उभी राहावयास हवी.

आपण पहिला विषय घेऊ : ‘आमच्या गावचा बांध’. गोव्यातील खाडीकाठच्या गावांत हा विषय विद्यार्थ्याच्या दाराशी असतो. इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसरातील तशीच वस्तू घ्यावी : बेळगावकडच्या मुलाने गावचे तळे, इंदूरच्या मुलीने आपल्या मोहल्ल्यातील जुना वाडा, वडोदऱ्याच्या विद्यार्थ्याने जवळचे वाचनालय. पद्धती तीच राहील.

३. सामग्री जमविणे

निबंधाला सामग्री तीन मार्गांनी मिळते : पाहून, विचारून आणि वाचून. बहुसंख्य विद्यार्थी केवळ तिसऱ्या मार्गाने जातात, तोही पाठांतरापुरता. क्रम मात्र नेमका उलट असावयास हवा.

प्रथम पाहावे. विद्यार्थ्याने वही घेऊन बांधावर दोनदा जावे; एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. त्याने तेथे उभे राहून ‘सुंदर’, ‘रम्य’ अशी विशेषणे लिहू नयेत; दिसेल ते लिहावे. भरतीचे पाणी शेताच्या पातळीहून वर आहे की खाली? बांध कशाचा आहे? जांभा दगड कोठे आहे आणि नुसता चिखल कोठे? बांधाच्या पोटातील मानस कशी उघडते? पाण्याच्या बाजूस खारफुटीची झाडे आहेत काय?

नंतर विचारावे. बांधाविषयी गावातील वडीलधाऱ्या शेतकऱ्याला जे ठाऊक असते ते सहसा पुस्तकात सापडत नाही. त्याला प्रश्न नेमका विचारावा. ‘काका, बांधाविषयी काहीतरी सांगा’ असे म्हटल्यास उत्तरही ‘काहीतरी’च मिळेल. ‘काका, खेकड्याचे भोक वेळीच बुजवले नाही तर काय होते?’ असे विचारल्यास एक घटना ऐकावयास मिळेल, आणि निबंधाला घटनेसारखी दुसरी सामग्री नाही.

शेवटी वाचावे. वाचनाने, डोळ्यांना दिसले त्याचा अर्थ कळतो. आपल्या विषयापुरते पाहिले तर विद्यार्थ्याला वाचनातून पुढील गोष्टी मिळतील. खाजन म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून सोडविलेली सखल जमीन. ही व्यवस्था पोर्तुगीज गोव्यात येण्याच्या, म्हणजे १५१० च्या, आधीची आहे; ती गावकरी संस्थांनी सांभाळली, आणि १५२६ साली पोर्तुगीज राजवटीने त्या संस्थांच्या रूढी लेखी स्वरूपात नोंदविल्या. पावसाचे पाणी जमिनीतील क्षार धुऊन नेते, मग भात पेरतात. ‘कोरगुट’ ही भाताची जात खारटपणा सोसणारी म्हणून ओळखली जाते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून कोळंबी व मासे धरतात, आणि त्या हक्काचा लिलाव, म्हणजे गोव्याच्या बोलीतील पावणी, होत असे. मासळीचा मोह वाढला की मानशीची दारे अवेळी उघडी ठेवली जातात, खारे पाणी आत शिरते आणि भाताचे शेत नासते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमिनीचे संबंध बदलले, आणि बांधाच्या डागडुजीची जुनी घडीही पूर्वीसारखी राहिली नाही.

या सर्व गोष्टी सलग न लिहिता एकेका ओळीच्या टिपणांच्या रूपाने लिहाव्यात. प्रत्येक टिपणापुढे ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘वाचले’ अशी खूण करावी. ज्या निबंधाच्या टिपणांत केवळ ‘वाचले’ एवढीच खूण आहे, तो निबंध दुसऱ्याचा आहे असे खुशाल समजावे.

४. मध्यवर्ती विधान आणि आराखडा

टिपणे जमली की त्यांचा ढीग होतो. निबंध होत नाही. निबंध होण्यासाठी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : ‘या सर्वांतून मला वाचकाला नेमके काय सांगावयाचे आहे?’ हे उत्तर एका पूर्ण वाक्यात लिहावे. त्यास मध्यवर्ती विधान म्हणू.

‘बांधाविषयी माहिती’ हे मध्यवर्ती विधान नव्हे. त्यात क्रियापदच नाही. ‘बांध फार उपयुक्त आहे’ हे वाक्य आहे खरे. परंतु त्याच्याशी कोणाचाही मतभेद होणार नाही, आणि ज्याच्याशी कोणाचा मतभेद संभवत नाही ते विधान सिद्ध करण्यात श्रम नसतात व वाचण्यात गोडी नसते. आता हे वाक्य पाहा : ‘आमच्या गावचा बांध दगड-चिखलाने बांधलेला असला, तरी तो टिकतो गावाच्या देखरेखीवर.’ या विधानात एक दिशा आहे. कोणते टिपण ठेवावयाचे व कोणते टाकावयाचे, हे यावरून ठरविता येते. खारफुटी बांधाचे रक्षण करते, म्हणून ती राहील. बांधावरून दिसणारा सूर्यास्त, कितीही आवडला तरी, जाईल.

यानंतर आराखडा करावा. तो असा होऊ शकेल :

१) भरतीच्या वेळी बांधावरून दिसणारे दृश्य : पाणी वर, शेत खाली.
२) बांधाची व मानशीची रचना, दारे आपोआप कशी मिटतात व उघडतात.
३) आपोआप न होणारी कामे : भोके बुजविणे, कुजलेली फळी बदलणे, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी. काकांनी सांगितलेली घटना.
४) जुनी व्यवस्था : गावकरी, नियम, पावणी, पुढे झालेला बदल.
५) आजचा पेच : भात की मासळी? दोघांचे म्हणणे.
६) समारोप : देखरेख कोणाची?

आराखड्याची एक कसोटी आहे. प्रत्येक दोन मुद्द्यांच्या मध्ये ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘त्याआधी’, ‘त्यामुळे’ यांपैकी एखादा शब्द घालून पाहावा. तो सहज बसला तर क्रम बरोबर आहे. प्रत्येक ठिकाणी केवळ ‘आणि’च बसत असेल, तर ती यादी आहे, आराखडा नव्हे. वरील आराखड्यात दारे आपोआप मिटतात. परंतु काही कामे आपोआप होत नाहीत. म्हणून गावाने व्यवस्था केली. परंतु ती बदलली. त्यामुळे आजचा पेच निर्माण झाला. असा धागा सापडला की निबंधाचे निम्मे काम झाले.

पाचव्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. विद्यार्थी वादाची बाजू बहुधा टाळतात किंवा एका पक्षाला दुष्ट ठरवून मोकळे होतात. मानशीवर मासळी धरणाऱ्यालाही कुटुंब असते, आणि भातापेक्षा मासळीला भाव अधिक मिळतो, हेही खरे असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे न्यायाने मांडून मग आपले मत सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

५. पहिला खर्डा

खर्डा लिहिताना एकच नियम पाळावा : थांबू नये. शब्द अडला तर कंस करून जागा सोडावी. शुद्धलेखनाची शंका आली तर शब्दाखाली रेघ ओढावी. आणि पुढे जावे. खर्डा पानाच्या एकाच बाजूस, एक ओळ सोडून लिहावा, म्हणजे दुरुस्तीला जागा राहते. सुरुवात सुचत नसेल तर दुसऱ्या वा तिसऱ्या मुद्द्यापासून आरंभ करावा. पहिला परिच्छेद शेवटी लिहिला तरी काही बिघडत नाही. उलट, आपण काय लिहिले आहे हे ठाऊक झाल्यावर लिहिलेली सुरुवात अधिक चांगली होते.

पहिला खर्डा कच्चाच असतो. नमुन्यादाखल असा एक परिच्छेद पाहू :

“आमच्या गावाला एक बांध आहे. तो खूप सुंदर व निसर्गरम्य आहे. बांधावर नेहमी गार वारा येतो. आपल्या पूर्वजांनी तो बांधला. बांधाला मानस असते त्यातून पाणी जाते. तिथे मासे पण मिळतात. बांधामुळे शेती होते. खेकडे भोके पाडतात. बांध आपल्या सर्वांना खूप उपयोगी आहे म्हणून आपण सर्वांनी बांधाचे रक्षण केले पाहिजे.”

या परिच्छेदाला हसू नये आणि तो फाडूनही टाकू नये. यात पाच-सहा खऱ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, एवढाच काय तो दोष. तो दूर करणे हेच पुनर्लेखनाचे काम होय.

६. पुनर्लेखन

पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढणे, असा सार्वत्रिक समज आहे. तो समज दूर व्हावयास हवा. खर्डा तीनदा वाचावा आणि प्रत्येक वाचनात एकच गोष्ट पाहावी.

पहिले वाचन विचारासाठी. मध्यवर्ती विधान समोर ठेवून प्रत्येक वाक्याला विचारावे : ‘तू येथे कशासाठी आहेस?’ गार वाऱ्याला उत्तर देता येणार नाही, तो जाईल. ‘खूप सुंदर व निसर्गरम्य’ यातून काहीच दिसत नाही, तेही जाईल. ‘बांधामुळे शेती होते’ हे वाक्य महत्त्वाचे आहे, परंतु कशी होते ते त्यात नाही. तेथे भर घालावी लागेल. ‘मानशीतून पाणी जाते’ येथे कोणते पाणी, केव्हा आणि कोणत्या दिशेने, हे सांगावे लागेल.

दुसरे वाचन मोठ्याने करावे आणि ते वाक्यांसाठी असावे. कानाला जेथे अडखळल्यासारखे वाटेल तेथे वाक्य मोडावे किंवा जोडावे. एकामागून एक सर्व वाक्ये ‘आहे’ या शब्दाने संपत असतील तर ती रचना बदलावी. ‘पण’, ‘खूप’, ‘अतिशय’ हे शब्द काढून पाहावेत. वाक्य बहुधा अधिक ठाम होते.

तिसरे वाचन लेखननियमांसाठी. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आणि आणखी ४ नियम १९७२ साली मान्य झाले. ते विद्यार्थ्याने संग्रही ठेवावेत. परंतु ते सर्व एकदम पाठ करण्यापेक्षा आपल्या वहीत वारंवार होणाऱ्या चुकांची स्वतंत्र यादी करणे अधिक फलदायी ठरते. बहुतेकांच्या यादीत एक चूक असतेच : ‘बहीण’ परंतु ‘बहिणीला’, ‘गरीब’ परंतु ‘गरिबाला’, ‘फूल’ परंतु ‘फुलाला’. सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, मात्र ‘शरीर – शरीराला’ अशा तत्सम शब्दांत तो तसाच राहतो, हे लक्षात ठेवले की अनेक चुका एकदम टळतात.

वरील परिच्छेद या तीन वाचनांनंतर असा होऊ शकेल :

“आमच्या गावची शेते भरतीच्या पाण्याहून खाली आहेत, हे मला आठवीत जाईपर्यंत ठाऊक नव्हते. एके दिवशी ऐन भरतीला मी बांधावर उभा राहिलो. डाव्या हाताला खाडी होती, उजव्या हाताला भाताचे शेत. आणि पाणी शेताहून वर होते. दोहोंच्या मध्ये होता तो चिखल, गवत आणि जांभा दगड यांचा बांध. या बांधाच्या पोटात मानस आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देते, तेव्हा तिची लाकडी दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतील पाणी त्यांना ढकलते आणि ती उघडतात. त्यासाठी दाराशी कोणी उभे राहावे लागत नाही. परंतु दाराची फळी कुजली किंवा खेकड्याने बांधाला भोक पाडले, तर ते पाहण्यास मात्र माणूसच लागतो.”

दोन्ही परिच्छेदांतील सामग्री ताडून पाहावी. दुसऱ्यात नवी माहिती फारशी नाही. खेकडा, मानस, शेत, पाणी हे सर्व पहिल्यातही होते. बदल झाला तो संबंधात. पहिल्या परिच्छेदात खेकडा एकटाच येऊन जातो. दुसऱ्यात तो शेवटी येतो आणि पुढील परिच्छेदाचे दार उघडून ठेवतो. ‘बांधाचे रक्षण केले पाहिजे’ हा उपदेशही दुसऱ्यात नाही. तो वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो.

पुनर्लेखन हे दुबळ्या लेखकाचे लक्षण आहे, असे कोणी मानू नये. ज्या माँतेन्यचा उल्लेख वर आला, त्याने १५८० नंतर १५८८ साली भर घालून आपला ग्रंथ पुन्हा काढला आणि १५९२ साली मृत्यू येईपर्यंत छापील प्रतीच्या समासात तो सतत लिहीत राहिला. ज्याने हा प्रकार रूढ केला त्याला आपले लेखन पुरे झाले असे वाटले नाही. मग विद्यार्थ्याने एका खर्ड्यावर का थांबावे?

७. बोली, शेजारची भाषा आणि प्रमाण मराठी

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर एकाहून अधिक भाषा असतात. ही त्याची संपत्ती आहे. मात्र निबंधाच्या तिसऱ्या वाचनात तिचा हिशेब ठेवावा लागतो. गोव्यातील मुलगा कोंकणीच्या सवयीने ‘आम्ही करतात’ असे लिहून जातो. तेथे ‘आम्ही करतो’ असे हवे. मासळीच्या अर्थी ‘नुस्ते’ लिहिले तर मराठी वाचक त्याचा अर्थ ‘केवळ’ असा करील. बेळगावकडील बोलण्यातील ‘करालाय’ हे रूप संवादात शोभते, परंतु निवेदनात ‘करीत आहे’ असे लिहावे. इंदूर-ग्वाल्हेरकडील विद्यार्थी हिंदीच्या प्रभावाने ‘त्याने माझी मदत केली’ असे लिहितो. मराठीत ‘मला मदत केली’ असे म्हणतात. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘संसार’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे अर्थ निराळे आहेत. ‘मला उत्तम शिक्षा मिळाली’ या वाक्याने मराठी वाचकाला विद्यार्थ्याची दया येईल!

परंतु याचा अर्थ बोलीतील सर्वच शब्द गाळावेत, असा मुळीच नाही. क्रियापदाची रूपे व वाक्यरचना प्रमाण मराठीची ठेवावी. वस्तूंची नावे मात्र परिसरातील असावीत. ‘मानस’, ‘कोरगुट’, ‘पावणी’ या शब्दांच्या जागी ओढूनताणून संस्कृत प्रतिशब्द घालणे म्हणजे निबंधातील प्राण काढून घेणे होय. अपरिचित शब्दाचा अर्थ वाक्याच्या ओघात एकदा सांगावा, म्हणजे पुरे.

८. परीक्षेतील वेळ

परीक्षेत बांधावर जाता येत नाही आणि तीन खर्डेही लिहिता येत नाहीत, ही अडचण खरी आहे. तथापि पद्धती तीच राहते, फक्त आटोपशीर होते. निबंधासाठी चाळीस मिनिटे असतील तर आठ मिनिटे विषय, टिपणे, मध्यवर्ती विधान व पाच-सहा मुद्द्यांचा आराखडा यांसाठी द्यावीत. पंचवीस मिनिटे लेखनास. उरलेली सात मिनिटे वाचनास. पहिली आठ मिनिटे वाया गेली असे वाटते, पण तीच पुढे वाचतात. कारण मध्येच ‘आता काय लिहू?’ म्हणून थांबावे लागत नाही. वर्षभर सावकाश केलेल्या सरावामुळेच परीक्षेत ही चपळता येते.

९. शिक्षकांसाठी काही सूचना

चाळीस वह्यांतील प्रत्येक चूक लाल शाईने दाखविणे शिक्षकाला शक्य नसते आणि विद्यार्थ्याला पेलवतही नाही. लाल खुणांनी भरलेले पान पाहून मूल एवढेच शिकते की कमी लिहिले तर कमी चुका होतात. म्हणून पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नयेत. त्याच्या समासात एक-दोन प्रश्न लिहावेत : ‘पाणी कोणत्या दिशेने जाते?’, ‘हे तू स्वतः पाहिलेस काय?’ खर्डे विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावेत. ऐकणाऱ्याने जेथे कळले नाही तेथे हात वर करावा. गुण द्यावयाचे ते पक्क्या प्रतीला, आणि तिच्यासोबत खर्डा व टिपणे जोडलेली असावीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘पाठ केलेल्या निबंधाला गुण मिळतात, मग हा खटाटोप कशाला?’ मिळतात, हे नाकारता येणार नाही. परंतु विषयात एक शब्द बदलला की पाठ केलेला निबंध निकामी होतो. याहून मोठे कारण शाळेबाहेर आहे. बांधाकाठचा हाच विद्यार्थी उद्या गावातील कर्ता माणूस होईल. एखाद्या पावसाळी रात्री बांध फुटेल, खारे पाणी शेतात शिरेल आणि सकाळी पंचायतीला व मामलेदार कचेरीला अर्ज लिहावा लागेल. बांध कोठे फुटला, केव्हा फुटला, किती शेते पाण्याखाली गेली, डागडुजी कधीपासून राहिली होती आणि गावाची मागणी काय आहे, हे त्या अर्जात क्रमाने यावे लागेल. ‘निसर्गरम्य’ हा शब्द त्याच्या काही उपयोगी पडणार नाही. पाहिलेले नेमके सांगणे, एका विधानाभोवती ते बांधणे आणि लिहिलेले पुन्हा वाचून दुरुस्त करणे, एवढेच त्याच्या कामी येईल. आणि ते शिकविण्याची जागा निबंधाचा तास हीच आहे.

स्वाध्याय

१) आपल्या परिसरातील एक वस्तू निवडा. ती दिवसाच्या दोन निरनिराळ्या वेळी पाहून प्रत्येकी दहा टिपणे करा. विशेषण वापरू नका.
२) त्या वस्तूविषयी घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारावयाचे पाच नेमके प्रश्न लिहा.
३) मध्यवर्ती विधान एका वाक्यात लिहा. त्याच्याशी असहमत होणारी व्यक्ती काय म्हणेल, तेही एका वाक्यात लिहा.
४) आपल्या मागील निबंधातील कोणताही एक परिच्छेद घेऊन त्याचे तीन वाचनांच्या पद्धतीने पुनर्लेखन करा. दोन्ही परिच्छेद शेजारी-शेजारी ठेवून, कोणते वाक्य का गाळले ते समासात लिहा.